लोणच्याची नव्हे, कप टेकवायची ताटली

गेल्या पंधरवड्यापासून नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. महाल भागातल्या जुन्या वाड्यात सापडलेली म्हणून तळहातात मावेल अशी नक्षीदार काचेची ताटली त्यात दाखवली असून, ती हाताने कोरलेली भोसलेकालीन बेल्जियम काच आहे, तिच्यात लोणचे वाढत, साच्याची शिवण दिसली तर काच नकली समजावी, आणि बशीत चहा ओतून पिणे ही आपली गावंढळ सवय असून साहेब असे कधीच पीत नसे, असे त्यात ठासून सांगितले आहे. शेवटी, काच जाड असल्याने उकळता चहा निर्धास्त ओतावा, असा सल्लाही आहे.

छायाचित्र मोठे करून पाहिले तर नक्षीच्या कडा गोलसर दिसतात. चाकावर कोरलेल्या काचेची कड बोटाला टोचते. नक्षीमधली जागा बारीक ठिपक्यांनी भरलेली आहे आणि खरी खूण तीच आहे. १८२० च्या दशकात अमेरिकेत वितळलेल्या काचेचा गोळा धातूच्या साच्यात टाकून दट्ट्याने दाबण्याची रीत रुजली. साच्याला टेकताच काचेच्या पृष्ठभागावर उमटणारे डाग या ठिपक्यांत लपत. मॅसॅच्युसेट्समधील सँडविच गावचा १८२५ चा कारखाना अशा कामासाठी प्रसिद्ध होता. बेल्जियमबद्दल काय बोलावे? आपल्याकडे घरातला प्रत्येक बरा आरसा बेल्जियमचाच असतो.

साच्याचे भाग जुळतात तेथे रेघ उठते. ती घडवण्याची पद्धत सांगते, लबाडी नव्हे. मात्र नंतरच्या नकलाही साच्यातच होत असल्याने तिच्यावरून वयही ठरत नाही. नागपूरचे शेवटचे भोसले राजे तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले आणि अशा ताटल्यांचा बहर साधारण त्याआधीच्या पंचवीस वर्षांतला, म्हणून काळ जुळतो, इतकेच. विसाव्या शतकात त्यांच्या नकला भरपूर निघाल्या.

मुख्य चूक बशीची आहे. चीनमधून युरोपात आलेल्या सुरुवातीच्या चहाच्या वाट्यांना कान नसत आणि सोबतच्या बशा खोलगट असत. अठराव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेत गरम चहा बशीत ओतून, निववून पिणारे पुष्कळ होते. मग ओला कप ठेवायचा कुठे? टेबलावर ठेवला तर कापडावर डाग पडे. त्यासाठीच तीन-चार इंची ताटली आली, आधी चिनी मातीची, नंतर दाबलेल्या काचेची. पुढे कानाचे कप सर्रास झाले, शिष्टाचाराने बशीला नाक मुरडले आणि ताटलीचे काम संपले. म्हणजे संदेशातली वस्तू अस्सल असेल, तर ती साहेबाच्याच भाईबंदांनी बशीतून मारलेल्या फुरक्यांची साक्ष आहे. रशियन चित्रकार कुस्तोदिएव्हच्या १९१८ च्या चित्रातली व्यापाऱ्याची श्रीमंत बायकोही बशी बोटांवर तोलून चहा पिते. तिला कोणी गावंढळ म्हणत नाही.

सल्ला मात्र धोक्याचा आहे. जाड काचेची आतली बाजू उकळत्या चहाने झटकन प्रसरण पावते, बाहेरची गारच राहते आणि त्या ताणाने काच तडकते. पातळ काच दोन्हीकडून लवकर तापते, म्हणून ती उलट जास्त तग धरते. आजीची ताटली वापरायचीच असेल, तर तिच्यावर कप टेकवावा आणि चहा बशीतच ओतावा.