आयुष्यभर चौथा

काउंटरला काच, काचेला बोलण्यासाठी भोक, आणि ते भोक नेमकं माझ्या छातीच्या उंचीवर. म्हणजे आधी वाकायचं आणि मग ओरडायचं.

"तक्रार काय?" आतल्या बाईंनी विचारलं.

"पोटाचं जरा…"

"दुखतंय?"

"नाही."

"उलट्या?"

"नाही हो. सवय बदललीये."

"कसली सवय?" त्यांनी पेन उचललं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की केसपेपरवर आता माझ्या नावापुढे दारू येणार.

"शौचाची!" मी भोकात तोंड घालून ओरडलो. मागची रांग एकदम शांत झाली. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत 'आवाज पोचत नाही' म्हणून माझे मार्क कापायचे.

एकच रिकामी खुर्ची होती आणि ती एका अनोळखी काकांच्या शेजारी होती. मी टेकायच्या आत त्यांनी विचारलं, "होत नाही, की फार होतं?"

ओळख नाही, पाळख नाही. मी पुटपुटलो, "होतं कमी. कडक होतं."

"रोज होतं का?"

"रोज नाही."

काकांनी डोळे मिटून घेतले. मी गेल्याची बातमीच जणू त्यांना नुकतीच कळली होती. "रोज झालंच पाहिजे. ती घाण आत राहते, रक्तात भिनते. सगळे रोग तिथूनच सुरू होतात."

ही समजूत काकांची एकट्याची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सर विल्यम अर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन याच समजुतीपायी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढत असत. सर्जन मागे हटले, समजूत मात्र वेटिंग रूममध्ये ठाण मांडून बसली आहे. प्रत्यक्षात दिवसातून तीनदा जाणारा आणि आठवड्यातून तीनदाच जाणारा, दोघंही धडधाकट असू शकतात. मी हे काकांना सांगून पाहिलं.

"आठवड्यातून तीनदा?" ते एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, की समोरच्या बाळाने भोकाड पसरलं. मग ते उठले, हातातल्या एक्स-रेच्या पाकिटाची सुरळी केली आणि भिंतीवरच्या तक्त्यापाशी जाऊन उभे राहिले.

तो तक्ता मी आल्यापासून नजरेआड करत होतो. ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी मळाच्या आकाराचे सात प्रकार पाडले. 1997 साली लुईस आणि हीटन यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि आता जगभर डॉक्टर तीच चित्रं रुग्णांपुढे धरतात. हिशोब साधा आहे. मोठं आतडं पाणी शोषून घेतं, त्यामुळे माल जितका रेंगाळेल तितका कोरडा होतो. पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा, सातवा निव्वळ पाण्याचा. तिसरा आणि चौथा हे आदर्श.

"बोला. यातला कुठला?" काकांनी सुरळी पहिल्या चित्रावर ठेवली.

"काका, डॉक्टरांना सांगतो ना मी."

"लाजायचं काय त्यात? मी चौथा. आयुष्यभर चौथा!" आमच्या शाळेत पहिला आलेला मुलगासुद्धा इतक्या ताठ मानेने उभा राहिला नव्हता. "सकाळी सहा दहा. घड्याळ लावून घ्या. लग्नाच्या दिवशीसुद्धा सहा दहा."

कोपऱ्यातून एक गृहस्थ म्हणाले, "मी पाचवा असेन." कुणीतरी त्यांना "सहावा म्हणा, तोंडावरूनच दिसतंय" असंही सुचवलं. हशा पिकला. मला दुसरा प्रकार बहाल करण्यात आला. मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं, आणि चीड याची आली की तो बरोबर होता.

"मग तुम्ही इथे कशाला आलात?" मी जरा तिरकसपणेच विचारलं.

काकांची सुरळी खाली आली. "हल्ली सहा चाळीस होतंय."

यावर हसावं असं मला फार वाटलं, पण हसता आलं नाही. आपलं नेहमीचं काय होतं आणि त्यात काय बदललं, एवढंच तर डॉक्टरांना हवं असतं. अर्ध्या तासासाठी कुणी धावत येत नाही हे खरं, पण निदान या माणसाला स्वतःचं नेहमीचं तरी ठाऊक होतं.

तेवढ्यात माझ्या पलीकडच्या बाईंनी हळूच विचारलं, "रक्त पडत असेल तर ते कुठल्या चित्रात बघायचं?"

"मूळव्याध," काका मागे न बघताच म्हणाले. "सगळ्यांना असते. आणि रोज जात जा."

इथे माझी करमणूक संपली. असेलही मूळव्याध, बहुतेक वेळा असतेच. पण ते आत बघून ठरवायचं असतं, एक्स-रेच्या सुरळीने नाही. रक्त, आपोआप घटणारं वजन, रक्तात कमी झालेलं लोह, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा वय वाढल्यावर सवयीत झालेला आणि आठवडे उलटले तरी न गेलेला बदल, यातलं काहीही असेल तर तपासणी लांबवायची नसते. आणि ती लांबते कशामुळे? हे सगळं भोकात ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडलं की लोक हसतात म्हणून. माझ्यासारखा निर्लज्ज ओरडेल तरी. त्या बाई काउंटरवर काय म्हणाल्या होत्या, माहीत आहे? "अशक्तपणा." मी त्यांना म्हटलं, आत गेल्यावर पहिलं वाक्य रक्ताचंच बोला. दोन खणखणीत शब्दांत.

माझा नंबर आला. डॉक्टरांनी माझी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि त्यातलं एक पाकीट उचललं. "ही कधीपासून?" लोहाची गोळी. ती पोट बांधते आणि मळ काळाही करते. पण डांबरासारखा चिकट, घाण वासाचा काळा असेल तर प्रकरण वेगळं, तो वरून झालेल्या रक्तस्रावाचा असू शकतो, तेव्हा लगेच यायचं. काही वेदनाशामकं, कॅल्शियम, काही अँटासिड, मंदावलेलं थायरॉइड, या सगळ्यांचीही पोट बांधायची तीच खोड. मग "कुशीवर वळा" झालं. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

गोळी बदलून मिळाली, थायरॉइडची तपासणी लिहून मिळाली आणि इसबगोल मिळालं. मात्रा हळूहळू वाढवायची आणि सोबत भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर तेच आत जाऊन अडून बसतं. न्याहारीनंतर लगेच बसायचं, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपणहून हलतं. मोबाइल बाहेर ठेवायचा, कुंथायचं नाही. आणि कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं. गुडघे वर आले की गुदाशयाला गळपट्ट्यासारखा विळखा घालून बसलेला स्नायू सैलावतो आणि वाट सरळ होते.

स्टूल आणलं. उपयोग होतोय, नाही म्हणणार नाही. पण ते बाथरूममध्ये आहे, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा बाहेर येऊन एकच प्रश्न विचारतो, "आत ते स्टूल कशाला?" काल बायकोने मला तोंड उघडायची संधीही न देता उत्तर दिलं, "ह्यांचं आहे. हे दुसरे आहेत."