कास तलावावर गाडी कशी धुवावी

सप्टेंबर लागला की तुम्हाला साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराची ओढ लागते. लागायलाच हवी, 2012 पासून जागतिक वारसा आहे तो. पण पठारावर फार त्रास असतो हो. ऑनलाइन नोंदणी करा, तिकीट काढा, गाडी लांब लावा, आणि आत पाय टाकला की गावातलं कोणीतरी शिट्टी फुंकत अंगावर येणार : "ओ, पाऊलवाट सोडू नका!" पैसे भरून ऐकून कशाला घ्यायचं? त्यापेक्षा सरळ पुढे चला. पठार उतरलं की झाडीच्या कुशीत कास तलाव आहे. तिथे शिट्टी नाही. परवाच्या रविवारी तुमच्यासारख्याच काही अनुभवी मंडळींना तिथे पाहिलं आणि वाटलं, ही विद्या नवख्यांपर्यंत पोचली पाहिजे.

निघताना घाई करू नका. साताऱ्यातून अकराच्या सुमारास निघालं की यवतेश्वर घाटात सगळे एकदम भेटतात. रांग लागलेली दिसली की उजवीकडून गाडी घाला, वळण असेल तर उत्तमच. समोरून येणाऱ्याला मागे घ्यायला लावण्यात जी मजा आहे ती फुलांत नाही. पलीकडे बामणोलीच्या बाजूची माणसं दवाखान्याला याच रस्त्याने साताऱ्यात येतात, पण त्यांनी रविवारी आजारी पडू नये, एवढं त्यांना कळायला हवं.

वाटेत पठार लागतंच, तर तिथेही थोडं काम उरकून घ्या. तेरडा फुललेला असेल. पेपरवाले त्याला गालिचा म्हणतात, तेव्हा त्यावर आडवं पडायला हरकत नाही. रील करताना शेजारी निळे-जांभळे बारीक ठिपके दिसतील, ती सीतेची आसवं. खाली जांभा दगड, वर मातीचा जेमतेम थर, त्या मातीत नत्र अगदी कमी. म्हणून ही वनस्पती जमिनीखाली इवल्याशा पिशव्या लावून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते. इतकी हुशार आहे, पण तुमच्या बुटासाठी तिने अजून काही शोधून काढलेलं नाही. टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, ती दिसली तर उपटूनच घ्या, पुढच्या वेळेपर्यंत कोण थांबणार?

आणि कोणी टोकलंच तर जाळीचा दाखला द्या. पठाराला आधी कुंपण घातलं, गुरं बंद झाली, गवत माजलं, फुलं कमी झाली अशी ओरड झाली आणि जाळी निघाली. म्हणजे फुलांना तुडवलेलं आवडतं, असा अर्थ तुम्ही काढलेलाच आहे. गुरं चरतात, शेण टाकतात आणि संध्याकाळी घरी जातात. चिप्सची पाकिटं टाकत नाहीत, एवढाच काय तो फरक.

ड्रोन विसरू नका.

गवा दिसला तर हॉर्न वाजवा. संध्याकाळी पाण्यावर येतो बिचारा, मनुष्याचा सहवास त्यालाही हवाच असेल. अस्वलांच्या बाबतीत मात्र हाच सल्ला देताना माझा हात जरा अडखळतो, पण तुम्ही करून बघा.

पोहता येत नसेल तर खोल पाण्यातच उतरा. शोधायला साताऱ्याची पोरं येतातच, त्यांना रविवारी दुसरं काम काय असतं?

ज्यांच्याकडे पैसे जास्त आहेत त्यांनी एका दिवसाच्या कचऱ्यावर समाधान मानू नये. जागा घ्या, डोंगर कापा, 'लेक व्ह्यू' अशी पाटी लावा. सांडपाणी कुठे जातं असा प्रश्न कोणी विचारत नाही. ते उताराने जातं. उताराला खाली काय आहे ते तुमच्या पाटीवरच लिहिलंय.

आता मुख्य विषय. गाडी.

काठावर गाडी उभी करून पाणी बघणारे लोक जुन्या वळणाचे. परवाच्या मंडळींनी पांढरीशुभ्र जीप मागची चाकं बुडेपर्यंत पाण्यात उतरवली. चारही दारं उघडली, म्हणजे आतलं गाणं पलीकडच्या रानापर्यंत पोचतं. मग बादली. मग शॅम्पू. यवतेश्वरापासून चाकांना चिकटलेला सगळा लाल चिखल, मडगार्डाखालचं ग्रीस, इंजिनाखालून ठिबकणारं ऑइल, सगळं निगुतीने तलावात. पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग आला तर त्यातल्या एकाने फोटोही काढला. मी म्हटलं, बाळा, हे साताऱ्याचं पिण्याचं पाणी आहे. तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, बायोडिग्रेडेबल आहे." काय बायोडिग्रेडेबल आहे? शॅम्पू? डिझेल? तू?

दुसरा त्याहून स्पष्टवक्ता निघाला. "तलाव काय तुमच्या बापाचा आहे का?"

आता बापाचं निघालंच आहे तर सांगतो. माझ्या बापाच्या घरात याच तलावाचं पाणी होतं, आणि त्याच्या बापाच्याही. इंग्रजांच्या काळात हा तलाव बांधला तो सहलीसाठी नव्हे, साताऱ्याला पाणी पाजण्यासाठी. कास वर आणि सातारा खाली, त्यामुळे पाणी आपल्या वजनानेच उतरतं, उपसायला पंप लागत नाही. पूर्वी डोंगराच्या कडेकडेने उघड्या पाटाने येत असे, आता नळाने येतं. आजही शहराच्या पश्चिम भागात सकाळी नळ सोडला की जे हंड्यात पडतं ते हेच. पावसाळ्यात थोडं गढूळ येतं, उन्हाळ्यात कमी येतं, आम्ही कुरकुरतो, पण पितो. अलीकडेच धरणाची उंची वाढवली, साठा कितीतरी वाढला. कोणासाठी वाढवला होता तो? तुम्हाला गाडी वळवायला जागा कमी पडत होती म्हणून?

आणि हो, शुद्धीकरण असतं ना, हा पुढचा युक्तिवाद तयारच असतो. असतं. तुरटी असते, वाळूची गाळणी असते, क्लोरीन असतो. तुरटीने गाळ बसतो आणि क्लोरीनने जंतू मरतात. डिझेल मरत नाही. साबण मरत नाही. फोडलेल्या बाटलीच्या काचा गाळणीपर्यंत येतच नाहीत, त्या काठच्या चिखलात राहतात, गुराच्या खुरात किंवा गावातल्या एखाद्या पोराच्या तळपायात जाण्यासाठी. बाटल्याही फोडल्या बरं का त्यांनी. गाडी धुऊन झाल्यावर दगड मारून नेम धरायचा खेळ झाला. पाण्यात उभ्या केलेल्या बाटल्यांवर.

दंड? आहे की. पाटीही आहे. पाटीला टेकूनच ते बसले होते. फोन केला मी, अर्थातच केला. काय झालं ते साताऱ्यात राहणाऱ्याला विचारू नका, आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही.

नंबर प्लेट बाहेरची होती, असं म्हटलं की आमच्यातल्या काहींना बरं वाटतं. एक जीप बाहेरची होती. शेजारी लावलेल्या दोन मोटारसायकली एमएच 11 होत्या. आपलीच पोरं. याच नळाचं पाणी पिऊन वाढलेली, आणि शॅम्पूची पुडी दाताने फाडून त्या पाहुण्यांच्या हातात देत होती.

पुरे झाला हा विनोद. सरळ बोलतो.

तुम्हाला लाज वाटत नाही का? घरी पाहुणा आला तर त्याला माठातलं पाणी देताना पेला विसळून देता ना? मग इथे हजारो घरांच्या माठात चाकं कशी घालता? पठारावर साडेआठशेच्या आसपास जातींची फुलझाडं आहेत, त्यांतल्या काही जगात फक्त या पट्ट्यात उरल्यात, वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. ते तुम्हाला कळलं नाही तरी एक वेळ चालेल. वनस्पतिशास्त्र सगळ्यांना येत नाही. पण पिण्याच्या पाण्यात गाडी धुवू नये, हे कळायला काय लागतं? कुठल्या शाळेत शिकवायचं राहिलं हे? कासच्या, कासाणीच्या, आटाळीच्या बाया तुमची पाकिटं वेचतात, कमरेत वाकून, तुम्ही वाकून निदान स्वतःच्या गाडीची तरी उचला.

यायचं तर या. जेवण बांधून आणा, झाडीत बसून खा, उरलेलं परत न्या. गाणी ऐकायची तर कानात ऐका. दारू प्यायची तर घरी प्या, आणि पिऊन तो घाट उतरू नका, खाली आमची माणसं चालतात. गाडी रस्त्यावर लावा आणि तलावापर्यंत पायांनी जा, पाय त्यासाठीच आहेत. आणि ती जीप धुवायचीच असेल तर तुमच्या दारात धुवा, तुमच्या नळाच्या पाण्याने, तुमच्या बायकोच्या देखत.