रंगरंगोटी पुरे, आधी शोध सुधारा!

पुस्तक परीक्षणांच्या संकेतस्थळाचे रूप वरचेवर पालटते, मुखपृष्ठांची चित्रे मोठी होतात, पण शोधाची सोय होती तितकीच कुचकामी राहते. लेखकाच्या नावात पहिलीऐवजी दुसरी वेलांटी पडली, की ‘काहीही सापडले नाही’ असे कोरडे उत्तर मिळते. २००७ पासून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, १३ अंकी झाला. तरीही जुना १० अंकी क्रमांक आणि त्याचेच १३ अंकी रूप एकाच पुस्तकाचे आहे, हे या यंत्रणेला अजून उमगत नाही आणि त्या पुस्तकावरची परीक्षणे दोन ठिकाणी विखुरतात. ‘तुमच्यासाठी’ म्हणून समोर येतात तीही सर्वांना आधीच ठाऊक असलेली पुस्तके! मग कुणीतरी जीव ओतून लिहिलेले, एखाद्या दुर्लक्षित पुस्तकाचे परीक्षण वाचकापर्यंत पोहोचणार तरी कसे?