पराग उडतो, तळ्यातलं शैवाल कुठे उडणार?

नमस्कार. दगडांतल्या अवशेषांवरून दख्खनमध्ये पूर्वी कुठे रान होतं, कुठे तळं होतं, हे सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘परागकण वाऱ्याबरोबर कोसच्या कोस जातात. चार कण सापडले की तुम्ही जंगल उभं करता. शिवाय ते कण आजचेच नसतील कशावरून?’ ही तुमची हरकत. त्यातली निम्मी मला मान्य आहे.

पाइनच्या परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात आणि तो शेकडो किलोमीटर जातो. गाळात तो सापडला म्हणजे शेजारी पाइन होता, असं होत नाही. दख्खनच्या दोन लाव्हाथरांमधल्या गाळाविषयी लिहिताना मी ‘इथे ताडवर्गीय झाडांचं रान होतं’ असं निव्वळ परागांच्या भरवशावर लिहिलं. ते चुकलं. त्या थरांत ताडवर्गीयांची दगड झालेली खोडंही मिळतात, आधार त्यांचा द्यायला हवा होता. लेखात दुरुस्ती करतो.

पण तिथे तळं होतं, या लेखातल्या विधानावरून मी मागे हटणार नाही. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर लागतं. तिथल्या अशाच गाळातल्या चर्टमधून, म्हणजे सिलिकाच्या कठीण दगडातून, पुरावनस्पतीशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी १९४३ साली कारा या शैवालाचे आणि अझोला या पाणनेच्याचे अवशेष वर्णिले. कारा पाण्याखाली, तळाच्या चिखलात रुजतं. त्याच्या स्त्री-इंद्रियाभोवती चुन्याचं कवच बसतं, खसखशीच्या दाण्याएवढं किंवा त्याहूनही लहान, त्यावर पाच पेशींचे डावीकडे वळणारे वेढे. हे वाऱ्यावर उडत नाही. आणि अझोला तर आपले भातशेतकरी ओळखतातच, साचलेल्या पाण्यावर पसरणारा. आजचे कण मिसळल्याची तुमची शंकाही इथे टिकत नाही, कारण चर्टची पातळ चकती कापली की हे अवशेष दगडाच्या आत, दगडातच अडकलेले दिसतात. ते थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची गोष्ट तर मला फारच आवडते. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तिथल्या डायनासोरच्या दगड झालेल्या शेणातून गवताचे सिलिकाकण (गवताच्या पेशींत साचणारे सूक्ष्म कण) काढले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. गवत डायनासोरांनंतर फोफावलं, असं तोवर मानलं जायचं. ते कण वाऱ्याने आले म्हणावं, तर ते पोटातून बाहेर पडलेत!

तुमची शंका खरी लागू पडते ती छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला. तिथे निपा या ताडवर्गीय झाडाचं फळ सापडलं. निपा आज सुंदरबनासारख्या खाजणात वाढतो, म्हणून समुद्राचा फाटा तिथवर आला होता, असं काहींनी मांडलं. मला ते पटायला जड जातं, कारण निपाची फळं पाण्यावर तरंगतात. ते फळ जागेवर पडलं की वाहत आलं, हे एकट्या फळावरून ठरत नाही. त्याच गाळातलं शैवाल गोड्या पाण्यातलं की मचूळ, ते आधी पाहावं लागतं.