दातात सोल्डर धरायला सांगणाऱ्यांनो

आमच्या भाच्यानं एक मेसेज पाठवला. ‘मामाजी, हे पहा, सामानाचे पैसेच वाचले.’ आयटीआय झालेला पोट्टा तालुक्याच्या गावी फवारणीचे बॅटरी पंप अन् रानडुकरांसाठी कुंपणाला करंट देणाऱ्या झटका मशीन दुरुस्त करायचं दुकान टाकतोय. मेसेज म्हणतो, सोल्डरिंगला, म्हणजे कथील-शिशाची तार (सोल्डर) वितळवून जोड द्यायला, तापत्या टोकाचा आयर्न तेवढा घ्या, बाकी सारी लूट. सोल्डर धरायला अन् तार सोलायला दात आहेत, जोड नीट धरावा म्हणून लावायच्या फ्लक्सऐवजी नवसागर नाहीतर बॅटरीचं ॲसिड चालतं, टोक काळं पडलं की कानस मारा, अन् वॉट जितके जास्त तितकं बरं. गावातल्या ग्रुपवरही हाच फिरतोय.

आधी दात. एका हातात आयर्न, दुसऱ्यात कार्ड, म्हणजे मशीनमधली सर्किटची पाटी, म्हणून सोल्डरची तार तोंडात धरायची म्हणे! अरे बावा, साध्या 60/40 सोल्डरमध्ये वजनानं 40 टक्के शिसं असतं. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान लेकरांना ते सगळ्यात जास्त बाधतं. अन् याच मेसेजात खाली लिहिलंय, ‘धुरातून शिसं जातं, तोंडाला रुमाल बांधा.’ म्हणजे रुमालाच्या आत तार! शिसं उकळतं 1749 अंशांना, आयर्नचं टोक साडेतीनशेच्या आसपास. धुरातून ते जवळपास जातच नाही. तो धूर सोल्डरच्या तारेतल्या राळेचा. त्यानं दमा जडू शकतो अन् त्याला रुमाल पुरत नाही, धूर बाहेर ओढणारा पंखा लागतो. शिसं पोटात जातं ते हातातून. सोल्डर हाताळायचं अन् तसाच तंबाखूचा खर्रा घोटायचा, मग काय होणार?

दातानं किंवा ब्लेडनं तार सोलली की आतले दोन-चार तंतू तुटतात. पंप पाठीवर हलत राहतो, अन् तार नेमकी तिथंच तुटते, भर फवारणीत. स्ट्रिपर घ्याच. सोबत बारीक तोंडाचा कटर, नोज प्लायर, चिमटा अन् वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा डिसोल्डर पंप. कटर फक्त तांब्याच्या तारेसाठी. त्यानं एकदा कुंपणाची तार कापली की धार गेली. डायोडसारख्या पुर्जाचा तारेचा पाय कापताना त्यावर बोट ठेवा, तुकडा उडून डोळ्यात जातो. कार्ड धरायचा स्टँड मात्र विकत घेतला नाही तरी चालेल, एवढं मेसेजवाल्याचं मान्य. फळीला ठोकलेला कपड्यांचा चिमटा पुरतो.

नवसागराचं अर्धं खरं आहे. कल्हईवाले तोच वापरायचे अन् पितळेवर कथील झकास बसायचं. पण कल्हई झाली की भांडं घासून धुतलं जायचं. कार्डावरच्या पुर्जांखाली शिरलेला क्षार कसा धुणार? तो ओल धरतो, तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात. झटका मशीनमध्ये तर हजारो व्होल्टचा झटका असतो, अशा ओल्या थरातून तो वाट काढतोच. अन् बॅटरीचं ॲसिड म्हणजे गंधकाचं आम्ल. गरम टोकाला लागलं की उडतं, अन् डोळा तिथून वीतभर अंतरावर. फ्लक्स म्हणून राळेची डबी घ्या, ती काही महाग नसते. बहुतेक सोल्डरच्या तारेत राळ भरलेलीच येते.

कानस जुन्या नुसत्या तांब्याच्या टोकाला चालायची. आताच्या टोकावर लोखंडाचा पातळ थर असतो. तो घासला की खालचं तांबं कथलात विरघळतं अन् टोकाला खड्डे पडतात. ओला स्पंज घ्या, संपला विषय.

राहिले वॉट. 100 वॉटच्या आयर्ननं कार्डावरची पुर्जा जोडायची तांब्याची टिकली उखडून वर येते. तो बॅटरीच्या जाड वायरीला ठीक. कार्डाला एरवी 25 वॉट पुरतात. पण गावात पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की 230 चे 170 व्होल्ट होतात, अन् 25 वॉटच्या आयर्नमध्ये जेमतेम 14 वॉट उरतात. मग सोल्डर वितळतच नाही. म्हणून भाच्याला सांगितलं, तापमानाचा नॉब असलेला 60 वॉटचा घे, व्होल्टेज पडलं तरी ताकद उरते अन् एरवी नॉबनं ताप आवरता येतो.