साइड स्कर्ट बसवा, पण दाराखालच्या पत्र्याला ड्रिल लावू देऊ नका

गेल्या दिवाळीआधी सावद्याजवळ माझ्या सेडानचे मागचे चाक पंक्चर झाले. जॅक काढून खाली वाकलो, तेव्हा कळले की जॅक टेकवण्याची खाच साइड स्कर्टच्या, म्हणजे दाराखाली शोभेसाठी लावलेल्या लांब पट्टीच्या, आड पूर्ण झाकली गेली आहे. शेजारून केळीचे ट्रक जात होते आणि मी पान्याने स्कर्टचे स्क्रू सोडवत बसलो होतो. पट्टी निघाली तशी मागे साचलेली वाळलेली काळी माती ओंजळभर खाली पडली, आणि ती खरवडल्यावर प्रत्येक छिद्राभोवती रुपयाएवढा गंज दिसला. ज्या दुकानात स्कर्ट बसवले होते, तेथे अर्ध्या तासात प्रत्येक बाजूला सहा स्क्रू थेट पत्र्यात मारले होते. मी समोर उभा होतो आणि मला काही विचारण्याचे सुचले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दाराखालचा तो लांब भाग म्हणजे साधा पत्रा नव्हे. ती आतून पोकळ पेटी असते, गाडीच्या सांगाड्याचा भार आणि बाजूने बसणारा मार तीच झेलते. दारांतून झिरपलेले पाणी निघून जावे म्हणून तिला खालून छिद्रे ठेवलेली असतात. स्कर्टने किंवा सीलंटने (फटी बुजवायच्या लेपाने) ती बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून कुजू लागतो, जे बाहेरून वर्षानुवर्षे कळत नाही. आपल्याकडची काळी माती ओली असताना चिकटते आणि ओल धरून ठेवते, त्यामुळे स्कर्टच्या मागे फट राहिली तर पावसाळाभर ओला चिखल पत्र्याला लागूनच राहतो. इलेक्ट्रिक गाडीत तर दोन्ही बाजूंच्या या पेट्यांच्या मधोमध बॅटरी असते. तेथे अंदाजाने ड्रिल चालवणे मला सरळसरळ धोक्याचे वाटते.

साहित्य निवडताना मी फायबरच्या बाजूने नाही. ते ताठ असते, गतिरोधकावर आपटले की तडकते, आणि हाताने घडवलेल्या तुकड्यांची फिटिंग क्वचितच नेमकी येते. पॉलियुरेथेन हे लवचिक प्लास्टिक वाकते आणि पुन्हा आकारात येते, म्हणून गावोगावच्या रस्त्यांसाठी ते बरे. एबीएस हे कडक प्लास्टिक हलके, स्वस्त आणि रंगवायला सोपे असते, पण उन्हात ते पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त फुगते. सुमारे १.८ मीटरच्या पट्टीचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर एबीएस साधारण ६ मिलिमीटर वाढते आणि पोलाद एक मिलिमीटरसुद्धा नाही. जळगाव-भुसावळचे मे महिन्यातले ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना दोन्ही टोकांना आवळून बसवलेली पट्टी मध्ये फुगून का येते हे वेगळे सांगायला नको. चांगला कारागीर म्हणूनच टोकाची छिद्रे लांबट ठेवतो.

उंचीबाबत रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारस १० सेंटिमीटर उंचीच्या गोल गतिरोधकाची आहे, पण आपल्या गावांतले गतिरोधक त्या मापाने बांधलेले नसतात. पुढची चाके उतरली की उंचवटा नेमका गाडीच्या मध्यावर, म्हणजे स्कर्टखाली येतो. म्हणून पाच माणसे बसवून, डिकीत सामान ठेवून मग जमिनीपासूनचे अंतर मोजावे.

स्कर्टमुळे गाडी रस्त्याला चिकटून धावते, हा दावा मी मान्य करत नाही. १९७८ च्या लोटस ७९ या शर्यतीच्या गाडीचे स्कर्ट जमिनीला टेकून गाडीला खाली ओढणारा तळाखालचा कमी दाब राखत, म्हणून ते प्रभावी होते. सरकते स्कर्ट १९८१ मध्ये फॉर्म्युला वनमधून बंद झाले. आपल्या गाडीत तळाखाली मोठी मोकळी जागा असते, त्यामुळे तसा कमी दाब टिकत नाही. स्कर्ट शोभेसाठी असतो, आणि शोभा हे माझ्या मते पुरेसे कारण आहे.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून कंपनीची अधिकृत ॲक्सेसरी मिळत असेल तर तीच घ्यावी, रुंदी वाढवणारे रुंद स्कर्ट टाळावेत आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

दुसऱ्या वेळी मी धुळ्याच्या एका कारागिराकडे गेलो. त्याने आधी गंज घासून प्रायमर मारला आणि जुनी छिद्रे बंद केली. मग रंग देण्याआधीच कोरी पट्टी गाडीला लावून पाहिली, आणि जॅकची खाच व पाणी निघण्याची छिद्रे खडूने आखून तेवढा भाग कापला. रंग वाळल्यावर तेलकटपणा जावा म्हणून पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, दुहेरी चिकटपट्टी सावलीत लावली आणि तळाला मूळ कडेवरच क्लिपा बसवल्या. ‘भाऊ, तीन दिवस पाणी लागू देऊ नका,’ एवढेच त्याने बजावले, कारण अशा चिकटपट्टीची पकड पूर्ण होण्यास ७२ तास लागतात. चौथ्या दिवशी मी अंगणातच चारही ठिकाणी जॅक लावून पाहिला आणि तो प्रत्येक खाचेत अडथळ्याविना बसला.