‘फ्यूज उडतोय? मोठा घाला!’ : त्या सहा टिपांना उत्तर

‘जुन्या गाडीत नवा स्टिरिओ : सहा सोप्या टिपा, मेकॅनिकची गरज नाही’ हा मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवला. दरवेळी हसून सोडून दिला. पाचव्यांदा मेसेज आला नाही, मामांचा फोन आला. ‘अरे, अँटेनाच्या वायरीतून धूर येतोय. काय करू?’ बॅटरीची केबल काढा म्हटलं, बाकी कशाला हात लावू नका.

ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा घाला. दोन, गाडी पॉझिटिव्ह अर्थ असेल तर लाल-काळी वायर उलटी जोडा, झालं काम. तीन, काळी वायर कुठल्याही बोल्टला आवळा. चार, पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीला द्या. पाच, स्पीकरची एक वायर बॉडीला लावली तरी चालते. सहा, आवाजात खरखर असेल तर कपॅसिटर लावा. शेवटी तीन अंगठे आणि ‘सर्वांना पाठवा’.

सुरुवात दुसऱ्या टिपेपासून करतो, कारण धूर तिथून निघाला.

मामांची गाडी साठच्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची. पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. त्या काळी यात विशेष काही नव्हतं. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कारसुद्धा १९६७पर्यंत अशीच येत होती. टिपेत सांगितल्याप्रमाणे मामांनी लाल वायर बॉडीला लावली, काळी सप्लायला, आणि स्टिरिओ मांडीवर ठेवून चालू केला. वाजला. वाजणारच! गोम अशी, की आजच्या स्टिरिओचा पत्र्याचा डबा आतून काळ्या वायरलाच जोडलेला असतो. काळी सप्लायला लावली म्हणजे अख्खा डबाच सप्लायला लागला. मांडीवर आहे तोवर ठीक. डॅशबोर्डच्या पत्र्यात सरकवला, डबा बॉडीला टेकला, की शॉर्ट. मोठी ठिणगी पडली आणि फ्यूज गेला.

मग पहिली टीप मदतीला धावली. मामांनी १० अँपिअरचा फ्यूज काढून ३०चा घातला, डब्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, आणि स्टिरिओ पुन्हा वाजायला लागला. एवढ्या यशानंतर त्यांनी अँटेनाची पिन खोचली. अँटेनाच्या केबलवर जी तारेची जाळी असते, ती एका टोकाला स्टिरिओच्या डब्याला आणि दुसऱ्या टोकाला अँटेनाच्या बुडाशी गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. म्हणजे तोच शॉर्ट, फक्त वाट दुसरी. अँटेनाचं बूड गंजलेलं होतं, त्यामुळे करंट अडखळत गेला. तीसचा फ्यूज उडावा इतका तो नव्हता, पण जाळी आणि मागची वायर भाजून काढायला पुरेसा होता. १०चा फ्यूज असता तर उडाला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

दुसरी टीप बिघाड करते आणि पहिली टीप राखणदाराला घरी पाठवते. एकाच मेसेजात दोन्ही!

फ्यूज स्टिरिओला वाचवायला असतो असा बहुतेकांचा समज आहे. तो आधी वायरला वाचवतो. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत किरकोळ सर्किटला साधारण १४ तारांची वायर असते, एकेक तार ०.३० मिमीची, सगळी मिळून १ चौरस मिमी. तिची मर्यादा पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तीस अँपिअर वाहिले तर वायर सोसू शकते त्याच्या जवळपास बारा पट. आणि ही वायर मोकळी नसते, डॅशबोर्डमागच्या जुडग्यात इतर पंधरा वायरींना चिकटून असते, वर साठ वर्षांचं कडक झालेलं इन्सुलेशन.

‘पण जुन्या फ्यूजबॉक्समध्ये मुळातच ३५चा फ्यूज असतो,’ असं मामा म्हणाले. खरं आहे, अर्धं. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा तो उडण्याचा आकडा. सतत वाहून नेण्याची क्षमता १७च्या आसपास. नव्या फ्यूजवर बहुधा सतत वाहण्याचा आकडा छापतात. तेव्हा जुना ३५चा काढून नवा ३५चा घातला तरी संरक्षण जवळपास निम्मं होतं. आकडा तोच दिसतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

हे माझ्या पदरचं ज्ञान नाही. स्टिरिओच्या खोक्यात घडी घातलेलं पत्रक असतं. मामांच्या खोक्यातही होतं, थर्मोकोलखाली, पिशवीसुद्धा न फोडलेली. पहिल्याच चौकटीत लिहिलंय : फक्त १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ गाड्यांसाठी. त्याखाली : फ्यूज बदलताना त्याच क्षमतेचा वापरा. त्याखाली : स्पीकरची कुठलीही वायर बॉडीला जोडू नका. सहापैकी तीन टिपा एका पानात निकालात.

मग पॉझिटिव्ह अर्थ गाडीत करायचं काय? एक तर आयसोलेटेड कन्व्हर्टर लावायचा, ज्याचं आउटपुट गाडीच्या सप्लायपासून पूर्ण वेगळं असतं. नाहीतर गाडीच निगेटिव्ह अर्थ करायची. डायनामोवाल्या गाडीत, म्हणजे बॅटरी चार्ज करायला जुन्या धाटणीचं जनित्र असलेल्या गाडीत, हे वाटतं तितकं अवघड नाही. बॅटरीची टोकं उलटी करायची, इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या, अँमीटर असेल तर त्याच्याही, आणि डायनामोच्या दोन्ही वायरी सोडवून ‘एफ’ टर्मिनलला बॅटरीच्या सप्लायची वायर दोनतीनदा क्षणभर टेकवायची, म्हणजे त्याचं चुंबकत्व उलटतं. गाडीत डायनामोऐवजी नव्या धाटणीचा अल्टरनेटर असेल तर मात्र हा उद्योग करू नका, त्याचे डायोड जातील.

तिसरी टीप. कुठल्याही बोल्टला? त्या बोल्टखाली रंगाचे तीन थर आणि गंज असतो. माझ्याच गाडीत स्टिरिओ हळू आवाजात नीट वाजायचा आणि आवाज वाढवला की बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. सगळे म्हणाले सेट खराब. स्टिरिओ मोठ्याने वाजवत मल्टिमीटरचं एक टोक त्याच्या डब्याला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावलं, तर दीड व्होल्टच्या आसपास. ०.२च्या वर गेलं तरी अर्थिंग खराब समजावं. पत्रा चकचकीत होईतो घासला, काटेरी वॉशर घातला, सेट ठणठणीत.

चौथी. पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला, लाल किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला. दोन्ही थेट बॅटरीला दिल्या तर किल्ली काढली तरी स्टिरिओ चालू राहू शकतो, आणि विसरलात की सकाळी गाडी ढकलायची. पण जुनी गाडी महिनामहिना उभी राहते, तेव्हा पिवळी आणि लाल एकत्र करून किल्लीच्या सप्लायवर घ्यायला माझी हरकत नाही. घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातील, बॅटरी वाचेल. एवढं त्या मेसेजला दिलं.

पाचवी टीप एके काळी खरी होती. जुन्या रेडिओत स्पीकरचं एक टोक बॉडीला असायचं, म्हणून तर जुन्या दारात स्पीकरला एकच वायर आलेली दिसते. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की सेट एकतर ‘प्रोटेक्ट’ दाखवून गप्प बसतो, नाहीतर कायमचा. दोन वायरी नव्याने ओढा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सहावी. आधी अँटेना काढून बघा. खरखर थांबली तर ती अँटेनातून येतेय; नाही थांबली तर सप्लायमधून किंवा अर्थमधून. इंजिनबरोबर चढणारी शिट्टी चार्जिंगची, टिकटिक इग्निशनची. कपॅसिटरने कधी कधी काम होतं, नाकारत नाही. पण डायनामोवर तो मोठ्या टर्मिनलला लावायचा. ‘एफ’ला लावलात तर चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतील.

मामांची गाडी गेल्या रविवारी निगेटिव्ह अर्थ केली. स्टिरिओ वाचला, अँटेनाची केबल आणि हातभर वायर गेली. तो तीसचा फ्यूज निघताना मी गुपचूप खिशात घालून आणला.